जंगलात ठेवलेला घास

आमच्या मंडळाच्या संक्रांतीच्या अंकासाठी बोट्स्वानाच्या सफारीवर लिहा, असा संपादकांचा आग्रह आहे. "हलकंफुलकं लिहा काकू, फोटोंसकट," असं ते म्हणाले. फोटो ताराने पुष्कळ काढलेत, ते पाठवते. हलकंफुलकं मात्र जमेल असं वाटत नाही. जे झालं ते झालं तसं लिहिते. नको वाटलं तर छापू नका, मी रुसणार नाही.

तारा माझी सून. बर्मिंगहॅममध्ये जन्मली आणि वाढली, आता लंडनमध्ये वेम्बली पार्कला राहते. माझा मुलगा निखिल दोन वर्षांपूर्वी एका रविवारी फुटबॉल खेळता खेळता मैदानातच गेला. तेहतीस वर्षांचा होता. तेव्हापासून तारा महिन्यातून एकदा हॅरोला आमच्याकडे जेवायला येते. ती, मी आणि आमचे हे, आम्ही तिघं हवेबद्दल बोलतो, रद्द झालेल्या ट्रेन्सबद्दल बोलतो, मग ती डबा घेऊन जाते. अशाच एका जेवणात ती म्हणाली, "आई, मी सप्टेंबरमध्ये बोट्स्वानाला चालले. कॅम्पिंग. तुम्ही येणार का?"

विचारायचं म्हणून विचारलं होतं बिचारीने. पण माझ्या तोंडून "येते" निघून गेलं आणि आम्ही दोघीही दचकलो. आमच्या ह्यांनी ताटातून मान वर केली, "गुडघे?" एवढंच म्हणाले. "गुडघे तुमचे दुखतात, माझे नाही," असं मी सांगून टाकलं. मी कोल्हापूरची. एकदा हो म्हटलं की मागे फिरणं आमच्या रक्तात नाही. अडाणीपणाही थोडा असतो त्यात.

माऊन

माऊन हे तिथलं सफारीचं गाव. विमानतळ आपल्याकडच्या एसटी स्टँडएवढा, बाहेर धूळ, शेळ्या, आणि मोबाइलची रिचार्ज कार्डं विकणाऱ्या बायका छत्र्या लावून बसलेल्या. तिथला कावळा मी पेट्रोल पंपावर पाहिला. पाठ काळी, छाती पांढरी, जणू बंडी घातलेली. मला तो फार आवडला. का आवडला ते पुढे येईलच.

आमचा गाइड काबो, पन्नाशीचा, उंच, कमी बोलणारा. सोबत स्वयंपाकाला म्मालोराटो नावाची माझ्याच वयाची, अंगाने दणकट बाई. मला वाटलं, हेच तिचं नाव. काबोने समजावलं, की त्यांच्यात बाईला मूल झालं की पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. लोराटोची आई ती म्मालोराटो. आपल्याकडेही चाळीत "अमक्याची आई" म्हणायचेच की, पण यांच्यात तेच नाव मानाचं आणि कायमचं.

"तुमच्या पहिल्या मुलाचं नाव काय?" काबोने विचारलं.

"निखिल."

"मग तुम्ही म्मानिखिल," तो म्हणाला आणि गाडी सुरू केली. ताराला मूल नाही. ती ताराच राहिली.

आता हे कसं सांगू? दोन वर्षांत ते नाव माझ्या कानावर पडलं नव्हतं. मंडळात तुम्ही सगळे माझ्याशी फार चांगले वागता, पण नाव कोणी घेत नाही. "ते झालं तेव्हा", "तुमच्यावर जी वेळ आली" असं म्हणता. घरी हे तर त्याच्या खोलीला "वरची खोली" म्हणतात. आणि इथे एक परका माणूस "म्मानिखिल, पाणी घ्या", "म्मानिखिल, डावीकडे बघा, जिराफ" असं दिवसातून पन्नास वेळा म्हणत होता. मला तहानलेल्या माणसासारखं झालं. मी मुद्दाम प्रश्न विचारायची, म्हणजे उत्तराला सुरुवात त्या नावाने होईल.

पहिल्या तासाभरातच काबोने विचारलं, "निखिल काय करतो?"

"बँकेत आहे, लंडनला," मी म्हणाले.

"आला नाही?"

"सुट्टी नाही मिळाली."

"बँकवाले सगळीकडे सारखेच," काबो म्हणाला आणि हसला. तारा बाहेर बघत राहिली.

पहिला मुक्काम

आमचा तळ नदीच्या वळणावर, मोठाल्या झाडांखाली होता. कुंपण नाही, दिवे नाहीत. दोन तंबू आमचे, दोन त्यांचे, मध्ये शेकोटी. अंघोळीला झाडावर टांगलेली बादली, तिला खाली झारी. दोरी ओढली की कोमट पाणी येतं आणि समोर नदीत हरणं गुडघाभर पाण्यात चरत असतात. मी इंग्लंडात बत्तीस वर्षं काढली, पण इतकी सुखाची अंघोळ मला तिथे कधी झाली नाही.

काबोने नियम सांगितले. एकटं लांब जायचं नाही. आणि अन्नाचा कणही तंबूत किंवा बाहेर ठेवायचा नाही, सगळं गाडीतल्या लोखंडी पेट्यांत. "माणसाच्या हातचं एकदा खाल्लेलं जनावर परत येतं," तो म्हणाला, "आणि परत येणाऱ्याला शेवटी गोळी घालावी लागते. म्हणून एक सफरचंदसुद्धा नाही." मी मान डोलावली. मला ऐकू आलं नव्हतं असं कोणी म्हणू नये म्हणून लिहिते.

म्मालोराटोने रात्रीच्या जेवणाला मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, रानातली पालेभाजी आणि तासन्‌तास शिजवून कुटलेलं बकऱ्याचं मटण केलं होतं. घालायचं काय, तर फक्त मीठ. चव छान होती, पण कोल्हापूरच्या जिभेला मीठ म्हणजे काय! मी पिशवीतून कांदा-लसूण चटणीची बाटली काढली. म्मालोराटोने चमचाभर उचलून तोंडात टाकली, खोकून खोकून डोळ्यांतून पाणी काढलं, आणि मग स्वतःच्या ताटात अजून दोन चमचे घेतले. ताट देताना ती उजव्या हाताने देई आणि डावा हात उजव्या कोपराला लावी. मीही तसंच करायला लागले. आमची मैत्री अशी झाली.

झोपायच्या आधी तारा माझ्या तंबूत आली. "आई, तुम्ही खोटं का सांगितला त्यांना? तो आहे असं बोललात तुम्ही."

"तोंडातून गेलं."

"मग आता मी काय करू? पाच दिवस ॲक्टिंग? तो मला पण विचारतो ना, हजबंडला लायन आवडतो का, असं. आय कान्ट डू इट."

"पाचच दिवस, तारा," मी म्हणाले. "पाच दिवस राहू दे त्याला बँकेत."

ती तंबूची चेन ओढून निघून गेली.

षष्ठी

दुसऱ्या दिवशी आम्ही पुष्कळ पाहिलं. हत्तीणींचा कळप नदी ओलांडताना पाहिला, पिल्लं आयांच्या सोंडांखाली चालत होती. सिंह पाहिले, झोपलेले. आमच्या ह्यांच्या रविवारसारखे. दुपारच्या उन्हात पानं मिटून घेणारी झाडं पाहिली. या सगळ्याचे फोटो आहेत. मला त्यातलं फारसं आठवत नाही, कारण माझ्या डोक्यात तिसरा दिवस होता. पितृपक्षातली षष्ठी, निखिलची तिथी. तारखा ठरल्या तेव्हाच मी फोनवर पंचांग पाहिलं होतं. ताराला बोलले नव्हते.

गेल्या वर्षी हॅरोला मागच्या बागेतल्या शेडवर पान ठेवलं तेव्हा मिनिटभरात कावळा आला होता. या वर्षी पान चुकवायचं माझ्या मनात नव्हतं. काबोला सांगितलं असतं तर? पण काय सांगणार! ज्या मुलाला सुट्टी मिळाली नाही, त्याचं श्राद्ध आहे म्हणून?

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर सगळे आडवे झाले. मी जेवतानाच ॲल्युमिनियमच्या थाळीत थोडा भात, म्मालोराटोचं मटण आणि माझी चटणी बाजूला काढली होती. श्राद्धाला सामिष चालतं की नाही या वादात मला पडायचं नाही. त्याला मटण आवडायचं. वर घरून आणलेला बेसनाचा लाडू ठेवला आणि थाळी माझ्या तंबूमागे, झुडपाशी, मांडली. हात जोडून दूर बसले.

कावळा आला नाही. निळ्या चकचकीत मैना आल्या, त्यांनी भाताची शितं नेली. पिवळ्या चोचीचा धनेश आला, लाडूला टोच मारून गेला. कावळ्याचा पत्ता नाही. कावळे माऊनमध्येच असतात, माणसांच्या आसपास, इथे आत येत नाहीत, हे मला काबोने नंतर सांगितलं. मला काय ठाऊक. आपल्याकडे कावळा शिवत नसला की गेलेल्याच्या मनात काय राहिलंय ते ओळखून तसा शब्द देतात. मी शब्द दिला. "ताराला अंतर देणार नाही," म्हणाले. "बाबांशी नीट बोलेन," म्हणाले. "तुझी खोली आवरेन," असंही म्हणाले, जे मला करायचं नव्हतं. तासभर मी एकेक कबूल करत होते आणि त्या झाडांवर एक काळं पीस हललं नाही. शेवटी, "अरे, काय हवंय तुला मग?" असं मी रागाने विचारलं. खरंच राग आला होता मला. असा न सांगता निघून गेला, आणि आता घासही घेत नाही.

चहाची हाक आली. मांडलेलं पान परत उचलायचं नसतं. कावळा उद्या पहाटे तरी येईल, असं म्हणून मी थाळी झुडपाच्या आत सरकवली.

सकाळी थाळी जागेवर नव्हती. तंबूभोवती वाळूत मोठाले पंजे उमटले होते, नखांसकट. थाळी तीसेक पावलांवर सापडली, चाटून लख्ख झालेली आणि कडेला दातांनी आरपार भोकं पडलेली. मी ती पदराखाली म्हणजे जाकिटाखाली घेतली आणि माझ्या बॅगेत, कपड्यांच्या तळाशी ठेवली. पाऊलखुणा काबोनेही पाहिल्या. "तरस," तो म्हणाला. "तळातून गेलाय. का थांबला कोण जाणे."

मी चहाचा कप उचलला.

चौथी संध्याकाळ

ती आली सूर्य मावळायच्या आधी, चांगल्या उजेडात. ती असं म्हणते कारण तरस मादी होती, डावा कान फाटलेला, आचळं ओथंबलेली. आम्ही शेकोटीशी बसलो होतो. ती सरळ स्वयंपाकाच्या तंबूत शिरली. म्मालोराटोची किंकाळी ऐकू आली, पातेलं पडल्याचा आवाज झाला. काबोने गाडी अंगावर घातली, भोंगा वाजवला. तरस पिठाची पिशवी घेऊन वीस पावलं गेली आणि खाली बसली. आमच्याकडे बघत राहिली. कुणाला भ्यावं असं तिला वाटतच नव्हतं.

म्मालोराटोच्या दंडावर उकळतं पाणी सांडलं होतं. काबोने तिला पाण्याजवळ बसवलं आणि तो तिच्यावर ओरडायला लागला. भाषा कळत नव्हती तरी समजत होतं, की हाडं कुठे टाकलीस, झाकण का लावलं नाहीस. ती मान हलवून नाही नाही म्हणत होती. आपली चूक नाही हे माहीत असलेला माणूस कसा नाही म्हणतो, ते मी सव्वीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरवर बघितलंय. तरी मी उठले नाही.

"आई, तुमच्याकडे बर्न क्रीम आहे ना?" ताराने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता माझ्या तंबूत गेली. परत आली तेव्हा तिच्या एका हातात ट्यूब होती आणि दुसऱ्या हातात ती थाळी. तिने थाळी माझ्या मांडीवर ठेवली.

"हे निखिलसाठी होता ना?" ती म्हणाली. दोन वर्षांत तिनेही हे नाव माझ्यासमोर घेतलं नव्हतं. "तुम्ही सांगता की मी सांगू?"

मी उठले. काबोसमोर थाळी धरली आणि सांगितलं. घास का ठेवतात ते सांगितलं, कावळ्याचं सांगितलं. आणि ते सांगायचं तर बाकीचं सांगणं आलंच. "निखिल बँकेत नाही," मी म्हणाले. "निखिल नाही. दोन वर्षं झाली." इंग्रजीत सांगत होते, इतक्या वर्षांत मला इंग्रजी इतकं अवघड कधी गेलं नव्हतं.

काबोने टोपी काढली. बराच वेळ थाळीतल्या भोकांवरून अंगठा फिरवत होता. "मला सांगायचं होतंत," तो म्हणाला. "मी तुमच्याबरोबर बसलो असतो. पक्षी खाईपर्यंत बसलो असतो आणि राहिलेलं शेकोटीत घातलं असतं."

"आता काय?"

"आता मला रिपोर्ट लिहावा लागेल. पुढच्या आठवड्यात या तंबूत दुसरी माणसं असतील, त्यांची मुलं असतील."

"आणि तिचं काय करतील?"

"ती परत आली नाही तर काही नाही," काबो म्हणाला. त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं.

मी म्मालोराटोजवळ जाऊन बसले. तारा तिच्या दंडाला मलम लावत होती. मी माफी मागितली. ती रागावलेली होती आणि तिने राग लपवला नाही. "तुझा मुलगा गेला, त्याचं मला वाईट वाटतं, म्मानिखिल," ती म्हणाली. "पण या कामावर माझी सात माणसं जेवतात. तू तिथे बसून बघत होतीस."

मी बसून बघत होते, हे खरंच होतं. रागातही तिने मला त्याच नावाने हाक मारली. मला वाटलं होतं, मूल नाही म्हटल्यावर ते नावही काढून घेतील. तसं त्यांच्यात नसतं. मी एवढ्यासाठी खोटं बोलले होते आणि त्याची काही गरजच नव्हती.

परतताना

पाचव्या दिवशी तंबू उतरवले. माऊनच्या वाटेवर काबोने गाडी एका उंचवट्याजवळ थांबवली. वाळवीच्या जुन्या वारुळात बीळ होतं आणि तोंडाशी ती बसली होती, फाटक्या कानाची. दोन काळी पिल्लं तिला लुचत होती. तरस म्हणजे मढी उकरणारं ओंगळ जनावर, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. काबो म्हणाला, की यांच्या कळपात बायकांचं राज्य असतं आणि आई वर्षभराहून जास्त अंगावर पाजते. दुसरीच्या पिल्लाला कोणी पाजत नाही. तिने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. ताराने फोटो काढला नाही.

म्मालोराटोने निरोप घेताना माझ्याकडून चटणीची बाटली मागून घेतली. दोन्ही हातांनी घेतली. हसली मात्र नाही.

हॅरो

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. हे ऐकत राहिले आणि मग अलॉटमेंटवर, आमच्या भाजीच्या तुकड्यावर, बटाटे काढायला गेले. पण रात्री जेवताना, "निखिलला असलं चटणी घातलेलं मटण एकदा तिखट लागलं होतं, आठवतंय?" असं म्हणाले. मला आठवत होतं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका शनिवारी ताराचा फोन आला. काबोचा मेसेज आला होता आणि तो तिने मला वाचून दाखवला. फाटक्या कानाची मादी त्या तळावर आणखी दोनदा आली. दुसऱ्यांदा तिने एका तंबूचं कापड फाडलं, आत माणसं होती. तिला गोळी घातली. मला कळलेलं बरं, असं त्याला वाटलं, म्हणून कळवतोय. म्मालोराटोचा हात बरा आहे, ती कामावर आहे. शेवटी आम्हा तिघांच्या प्रकृतीची चौकशी होती. पिल्लांबद्दल काही नव्हतं. ताराने विचारलं नाही आणि मीही "विचार" म्हणाले नाही.

"आई, आर यू ओके?" ताराने विचारलं.

दोन वर्षं हा प्रश्न आला की मी "आहे गं" म्हणत आले. त्या दिवशी मी "नाही" म्हणाले.

ती तासाभरात मेट्रोपॉलिटन लाइनने आली. कोटसुद्धा काढला नाही, स्वयंपाकघरात माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसली. मैदानात, हॉस्पिटलात, क्रिमेटोरियममध्ये आम्ही दोघी एकमेकींसमोर रडलो नव्हतो. तिला वाटायचं आईंना त्रास होईल, मला वाटायचं हिचं वय लहान आहे. त्या दुपारी आम्ही रडलो, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने. आधी त्या तरसासाठी रडलो, आणि मग निखिलसाठी.